हात टेकले, अकरा सेकंद

आमच्या आत्यानं ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरून साहेबांच्या अंगावर कॉम्प्युटर फेकला, ही बातमी मला पहिल्यांदा इस्त्रीवाल्यानं सांगितली. तो बोलताना कपड्यावरून हात फिरवत राहतो, त्यामुळे त्याची वाक्यं सपाट आणि गरम निघतात. "असा उचलला, असा फेकला. साहेब वीतभर वाचला." तीच बातमी समोरच्या काकूंकडे पोचली तेव्हा साहेबांच्या खांद्याला लागलेलं होतं. काकू वाईट बातमी श्वास आत ओढत सांगतात, जणू परत गिळायची आहे: "अगं, हाड म्हणे मोडलं." संध्याकाळी वाण्याच्या दुकानात गेले तर साहेब दवाखान्यात भरती होते, आणि वाणी काट्याकडे बघत मला म्हणाला, "एवढा राग बरा नव्हे." ज्याच्या काट्यानं दहा वर्षांत एकदा खरं वजन दाखवलं नाही, त्याच्याकडून मी बरं-वाईट ऐकून घेत नाही.

खरं काय ते सांगते. आत्यानं काही फेकलं नाही. कॉम्प्युटर तिनं उचलला, एवढं खरं. तापानं फणफणलेलं पोर उचलावं तसा छातीशी धरला आणि तीन मजले जिना उतरून बाहेर आणला, कारण लिफ्ट थांबताना जो हिसका देते तो तिला मान्य नाही. पडला तो फक्त माऊस, आणि तोही वायरीला लटकत प्रत्येक पायरीवर टक्, टक् करत आला. साहेब त्या वेळी वर आपल्या केबिनमध्ये होते, हाडं सगळी जागच्या जागी. मोडलं होतं ते दुसरंच, आणि मोडलं होतं त्यांनी.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सत्तावन्न वर्षांची, लग्न न केलेली, आमच्या मधल्या खोलीत राहणारी. शाळांसाठी शैक्षणिक चित्रफिती बनवणाऱ्या एका ऑफिसात ती संकलन करते. म्हणजे कॅमेरावाला तासन् तास जे चित्रण करून आणतो, त्यातलं काय ठेवायचं, काय कापायचं आणि कशाला काय जोडायचं, ते ती ठरवते. ऑफिसात तिला कात्रीबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, कारण पाठीमागे म्हटलेलंही तिला ऐकू जातं. बोलणं एक घाव दोन तुकडे. कुणी न मागता सल्ला दिला की तिचं ठरलेलं वाक्य येतं: "मी विचारलं होतं का?" आवाज चढत नाही, उलट उतरतो. शेवटचा 'का' इतका खाली जातो की समोरच्याला वाटतं आपणही खाली कुठेतरी जाऊन बसावं.

आणि तिचा डावा हात. महत्त्वाचं काही बोलली की डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट टेबलावर एकदम टेकतात. टक. ती तिची सेव्ह करण्याची सवय. "उद्या दूध जास्त लागेल." टक. "छोट्या, तुझं वजन वाढलंय." टक. छोट्या म्हणजे माझे बाबा, वय बावन्न. या सवयीला कारणीभूत आहे 'सातवी'.

सातवी म्हणजे तिच्या संकलनाच्या सॉफ्टवेअरची सातवी आवृत्ती. बावीस वर्षांपूर्वी ती आवृत्ती नवी होती आणि आत्याही त्या खोलीत नवी होती. आता बाहेर चौदावी आली, पण आत्या सातवीतच बसली आहे, असं बाबा म्हणायचे. तिनं ती एका मुखपृष्ठ फाटलेल्या पुस्तकावरून शिकली. पुस्तकातल्या चित्रांत बटणं डावीकडे, पडद्यावर उजवीकडे, म्हणून पहिला महिनाभर ती पुस्तक आरशासमोर धरून वाचायची, असं ती सांगते. यातला आरसा मला खरा वाटत नाही, पण सांगताना तिचा चेहरा खरा असतो.

सातवी काही गुणाची खाण नव्हती. ती न सांगता मरायची. अर्ध्या तासाचं काम केलं की पडदा गोठायचा आणि एक पांढरी चौकट येऊन आपली क्षमा मागायची. म्हणून ती करंगळी. एखादं चित्र दुसऱ्यात हळूच विरघळवायचं म्हटलं तर वर एक लाल रेघ यायची आणि ती रेघ हिरवी होईपर्यंत आत्याचा चहा पिऊन, कप विसळून, खिडकीतून खाली येणारे-जाणारे मोजून व्हायचे. आणि आपली लिपी तिला येत नसे. जोडाक्षर दिलं की तुकडे करून ठेवायची, वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसायची. आत्यानं त्यावर वाद घातला नाही. काळ्या कार्डावर पांढऱ्या शाईनं स्वतः अक्षरं काढायची, कार्डाचं चित्रण करायची आणि ते जोडायची. बावीस वर्षांत त्या ऑफिसातून जेवढ्या फिती निघाल्या, त्यांवरचं एकेक नाव तिच्या हातचं आहे.

पण सातवीचा एक गुण असा की सांगितलं तेवढंच करायची. आत्याच्या शब्दांत: "ती मूर्ख होती, आगाऊ नव्हती. मूर्खाशी जमवून घेता येतं."

आता मास्तर. बहिऱ्या मुलांच्या शाळेतले गणित-विज्ञानाचे मास्तर, जे स्वतःही जन्मापासून बहिरे. ते हातांनी शिकवायचे. बावीस वर्षांपूर्वी ऑफिसानं त्यांचे अठरा धडे चित्रित केले, वीस वीस मिनिटांचे, आणि ते सातवीवर जोडायचं काम आत्याकडे आलं. तिचं ते पहिलंच मोठं काम. प्रत्येक धड्यात मास्तर हातांनी प्रश्न विचारायचे आणि मग दोन्ही हात टेबलावर ठेवून नुसते समोर बघत राहायचे. चार सेकंद, सात सेकंद, कधी अकरा. आत्याला वाटलं, ही रिकामी जागा. तिनं ती कापली. पहिला धडा वीस मिनिटांचा तेरा मिनिटांत बसवला आणि हौसेनं मास्तरांना दाखवायला बोलावलं.

मास्तरांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग तिच्यासमोर आले आणि हातांनी विचारलं, सात आणि आठ किती? एवढं तोवर तिला कळायला लागलं होतं. तिनं उत्तरासाठी हात वर करायला घेतला, तेवढ्यात मास्तरांनी पाठ फिरवली, खोलीबाहेर गेले आणि दार लावून घेतलं.

आत्या हात अर्धा वर धरून बसलेली. दार पुन्हा उघडलं, मास्तर आत आले आणि त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की कार्डांवर शाई सांडली. तू मुलांशी हे केलंस, असा त्याचा अर्थ. ते हात टेकतात ती रिकामी जागा नव्हती, ती मुलांची पाळी होती. मुलं पडद्यासमोर तेवढ्या वेळात उत्तर देतात, आणि मग पडद्यावरचे मास्तर हात उचलून बरोबर उत्तर दाखवतात. सोप्या प्रश्नाला चार सेकंद, अवघडाला अकरा. ते मास्तरांनी वर्गात वर्षानुवर्षं मोजून ठरवलेलं होतं.

तेव्हापासून तिनं एक वही केली. अठराही धड्यांतला प्रत्येक काप, कुठून कुठपर्यंत, सातवीच्या घड्याळानं, पेन्सिलीनं लिहिलेला. आणि जिथे मास्तर थांबतात तिथे 'हा. टे.' म्हणजे हात टेकले, आणि पुढे सेकंद. मास्तरांनी तिला हातांच्या भाषेत एक नाव दिलं, दोन बोटं उघडमीट करायची. कात्री. ऑफिसात ते नाव नंतर आलं.

मास्तर आता निवृत्त आहेत. त्यांचे हात उचलले की कापतात, टेकवले की थांबतात. बोलणाऱ्या माणसाची जीभ अडखळावी तसं ते आहे. म्हणजे ते धडे पुन्हा चित्रित करणं शक्य नाही. जे आहेत ते अठरा. एवढं लक्षात ठेवा, कारण साहेबांनी ठेवलं नाही.

साहेब मागच्या वर्षी आले. त्यांचं बोलणं मला इतकं छान जमतं की आई घाबरून मागे वळून बघते. "बघा मॅडम, आपण काय करतोय, तर आपण व्हॅल्यू अ‍ॅड करतोय." दर वाक्यात एक 'तर' असतो आणि त्या 'तर'च्या पुढे काही नसतं. माणूस वाईट नाही, हाच तर संताप आहे. वाईट माणसाला निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं.

झालं असं. शाळेतल्या तबकड्या वापरून वापरून घासल्या गेल्या होत्या, म्हणून शाळेनं नव्या प्रती मागितल्या. नेमकी त्याच आठवड्यात आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. साहेबांना वाटलं, चौदावी आवृत्ती आणली आहे तर आपणच उरकू. त्यांनी अठराही धडे चौदावीत उघडले. चौदावीनं विचारलं, जुनं काम नव्या रूपात बदलू का? साहेब हो म्हणाले. अठरा वेळा. एकदा तसं बदललं की ते सातवीत पुन्हा कधीच उघडत नाही. मग चौदावीनं आपणहून सुचवलं, यात बरेच निःशब्द भाग आहेत, काढून टाकू का? साहेब हो म्हणाले. सेव्ह केलं. शाळेला पाठवून दिलं, वर पत्र, 'सुधारित आवृत्ती सोबत जोडत आहोत'. पाहिलं नाही. एकदाही नाही. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान वरून शेळ्या बघतो तरी.

अठरा धड्यांत मास्तरांनी तोंडानं एक शब्द उच्चारलेला नव्हता.

आत्या सोमवारी कामावर गेली, एका डोळ्यावर काळी काच लावून. तोवर शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन येऊन गेला होता. पुढचं मी पाहिलेलं नाही, पण तीन जणांकडून वेगवेगळं ऐकलंय: आवाजखात्यातले काका, खुर्च्या लावायला वर बोलावलेले वॉचमन, आणि खुद्द आत्या. तिघांचे आवाज निराळे, मजकूर एकच, म्हणून विश्वास ठेवते.

आत्यानं मीटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर ती सुधारित आवृत्ती लावली. सहा तासांचे अठरा धडे मिळून सहा मिनिटं चाळीस सेकंदांचे झाले होते. मास्तर खोकतात. खुर्ची सरकते. बाहेरून ट्रक जातो आणि तेवढ्यापुरते मास्तरांचे हात दिसतात, अर्धे वर उचललेले. टेबलावर थाप. पुन्हा खोकला. मध्येच कॅमेऱ्यामागून बावीस वर्षं तरुण आत्याचा आवाज, "पंखा कुणी लावला रे?" मग शिंक. संपलं.

"तर हा सिस्टीमचा इश्यू आहे मॅडम," साहेब म्हणाले. "सॉफ्टवेअरनं शांत भाग ऑटोमॅटिक काढले."

"सॉफ्टवेअरला वाटलं हा माणूस काही बोलतच नाही," आत्या म्हणाली. "त्याला वाटलं तर वाटलं. त्याला डोळे नाहीत. तुम्हाला काय झालं होतं? ऑपरेशन माझ्या डोळ्याचं होतं."



"आपण रीशूट करू. बजेट मी—"

"कुणाचे हात आणणार?"

"मॅडम, तुम्ही थोडं इमोशनल—"

"मी रागावलेय, साहेब. त्याला दुसरं नाव देऊ नका."

वॉचमनकाका ही जागा आली की डोळे मिटतात. ते म्हणतात, बाईंचा आवाज एवढा खाली गेला की आम्हाला ऐकायला वाकावं लागलं.

साहेबांनी मग दुसरी चूक केली. विषय बदलावा म्हणून ते म्हणाले की जुन्या मशीनमुळेच असे गोंधळ होतात, सातवीचं ते मशीन भंगाराच्या यादीत घातलंय, शनिवारी गाडी येईल. त्या मशीनच्या पोटात मास्तरांचं मूळ चित्रण होतं. कापलेलं, जोडलेलं गेलं होतं, पण कच्चा माल तिथेच होता. दुसरीकडे कुठेही नव्हता.

"यादीत नक्की घातलंय?" आत्यानं विचारलं.

"सही झाली."

"म्हणजे आता ते ऑफिसचं नाही, भंगार आहे."

"टेक्निकली, हो."

आत्या उठली, आपल्या खोलीत गेली, वायरी काढल्या. दारावर वॉचमनकाकांनी वही पुढे केली तेव्हा तिनं मशीन छातीशी धरूनच लिहिलं: 'भंगार, एक नग, नेलं.' आणि सही. काकांनी दार धरलं. ते म्हणतात, "मी म्हटलं, बाई, माऊस पडतोय. तर म्हणाल्या, पडू दे, त्याला सवय आहे."

इस्त्रीवाल्याच्या वीतभर वाचलेल्या साहेबांची जन्मकथा ही एवढीच.

शाळा उघडायला नऊ दिवस होते. नवीन वर्गाची सुरुवात दरवर्षी मास्तरांच्या धड्यांनी होते, आणि या वर्षी मास्तर स्वतः मागच्या बाकावर येऊन बसणार होते. मोठ्या बाईंनी फोनवर एकच विचारलं, "त्यांना काय सांगू?" आत्या म्हणाली, "काही सांगू नका. या म्हणावं." टक.

आमचं जेवणाचं टेबल गेलं. त्यावर मशीन, वही, काळी कार्डं, पांढऱ्या शाईची बाटली. आम्ही ताटल्या हातात घेऊन पलंगाच्या कडेला, खिडकीच्या कट्ट्यावर, आई चक्क फ्रिजला टेकून उभी. बाबा एकदाच बोलले, "ताई, एक कोपरा मिळाला असता तर…" आत्यानं त्यांच्याकडे चांगल्या डोळ्यानं पाहिलं. बाबा खिडकीच्या कट्ट्यावर गेले.

पहिल्या दिवशी सातवी उघडली. पंखा घरघरला, राखाडी खिडकी आली. आत्यानं काळी काच काढली, झाकला डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"छोट्या, इकडे ये. या खिडकीचा रंग कुठला?"

"राखाडी."

"निळसर आहे ना?"

"थोडा आहे."

"कैक वर्षं मला मळकट पिवळी वाटायची," ती म्हणाली. "मीच मळकट बघत होते." मग बराच वेळ नुसती बघत बसली, आणि मला वाटलं आता हिचा राग ओसरणार. छे. "आणि हे भंगार म्हणे."

वहीतले आकडे सातवीच्या घड्याळाचे. चौदावी त्याच चित्रणाला स्वतःचे आकडे लावते आणि धडा संपेपर्यंत तीन सेकंद पुढे गेलेली असते, म्हणून काम सातवीवरच व्हायला हवं. बाबा आकडे वाचणार, आत्या जोडणार. डॉक्टरांनी पडद्याकडे दिवसाला दोन तासांहून जास्त बघायचं नाही म्हणून सांगितलं होतं. बाबांनी आठवण करून दिली. "डॉक्टरांना मी विचारलं होतं का?" ती म्हणाली. विचारलं होतं. मी सोबत होते. पण उजेड गेला की मात्र मशीन बंद करायची, तेवढं तिनं आईचं ऐकलं.

त्या नऊ दिवसांत माझ्या कानांची चंगळ झाली.

"चार मिनिटं बारा सेकंद, सहा."

"सहा की आठ? नीट बघ."

"ताई, तुझं सहा आणि आठ सारखंच आहे."

"माझ्या आठाला पोट असतं."

"दोघांनाही पोट आहे."

"तुझ्याएवढं नाही. पुढे."

"हा. टे. अकरा. हे किती वेळा आलंय गं. त्याऐवजी एकदाच—"

"छोट्या."

"वाचतो."

सातवी दिवसाला दोनदा मरायची. पांढरी चौकट यायची, आत्या तिला म्हणायची, "मर, उठ, चल." पण एकदाही तिचं काम गेलं नाही, करंगळी आधीच टेकलेली असायची. लाल रेघ हिरवी होईस्तोवर ती साहेबांना मनातल्या मनात पत्रं लिहायची आणि ती आम्हाला मोठ्यानं ऐकवायची. त्यातलं एकही छापण्यासारखं नाही, हे माझं दुर्दैव.

सहाव्या दिवशी साहेबांचंच पत्र आलं. 'नव्या आवृत्तीच्या साहाय्यानं धड्यांची पुनर्निर्मिती सुरू असून' वगैरे. शाळेलाही तेच गेलेलं. म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, आणि बीळ आमच्या जेवणाच्या टेबलावर. बाबांनी ते वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले, कारण आत्यानं काळं कार्ड पुढे ओढलं होतं. तिनं शाईत ब्रश बुडवला आणि सावकाश अक्षरं काढली:

'हे धडे सातव्या आवृत्तीत हातानं जोडले आहेत. यातली शांतता चूक नाही. कापू नये.'

कार्डाचं चित्रण केलं आणि अठराही धड्यांच्या सुरुवातीला लावलं. जोडाक्षरं शाबूत.

पैज लागली ती सातव्या धड्यावर. मी त्याचे 'हा. टे. अकरा' बघत होते. पडद्यावर मास्तर, टेबलावर हात, काही घडत नाही. मी दात घासताना अकरा सेकंदांत दोन शेजाऱ्यांची नक्कल करते. मी म्हटलं, "आत्या, अकरा सेकंद कुणी रिकाम्या पडद्याकडे बघत नाही. आठ-नऊ वर्षांची पोरं तर नाहीच. एखादं तरी खिडकीकडे बघणार, नाहीतर शेजारच्याला टोचणार."

"रिकाम्या म्हणालीस?"

"बरं, शांत."

ती मला रेडिओ म्हणते. "ए रेडिओ," ती म्हणाली, "पैज लाव. वर्गात त्या अकरा सेकंदांत एका जरी मुलानं नजर हलवली, तर तू साहेबांसमोर माझी नक्कल करायची आणि मी हसून दाखवीन."

याहून मोठं बक्षीस मला सुचलं नसतं. "आणि हरले तर?"

"महिनाभर या तोंडानं माझी नक्कल करायची नाही. घरात नाही, बाहेर नाही, वॉचमनला नाही." टक.

मी कबूल केलं. पैज खिशातच आहे असं समजून मी तीन दिवस हसण्याची तालीमही घेतली, तिच्या हसण्याची.

शाळा उघडली त्या सकाळी आत्या, बाबा आणि मी मागच्या भिंतीला टेकून उभे होतो. एकवीस मुलं. मागच्या बाकावर मास्तर, इस्त्री केलेला शर्ट, मिशा पांढऱ्या. त्यांनी आत्याला पाहिलं आणि उजवा हात उचलला. हात कापत होता. त्यांनी दोन बोटं उघडमीट केली, तीनदा करावी लागली. आत्यानं मान हलवली आणि दुसरीकडे बघितलं. चष्मा पुसला. ऑपरेशनचा डोळा पाणावतो, असं ती नंतर म्हणाली. दोन्ही पाणावले होते.

सातवा धडा लागला. आधी कार्ड. मास्तरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि मोठ्या बाईंकडे बघून भुवया उंचावल्या. बाईंनी त्यांना बाकाखालून, मुलांना दिसणार नाही असं, दोन-चार हालचालींत काहीतरी सांगितलं. मास्तरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी थाप मारायला हात उचलला, पण समोर वर्ग सुरू होता. त्यांनी हात खाली घेतला. राग गिळलेला माणूस मी खूप जवळून पाहिला आहे, घरात एक आहे, म्हणून ओळखला.

पडद्यावरच्या मास्तरांनी विचारलं: काठोकाठ भरलेल्या भांड्यात दगड टाकला, पाणी सांडलं, किती सांडलं? आणि हात टेबलावर टेकले.

मागच्या बाकावरच्या मास्तरांनीही टेकले. कापणं थांबलं.

मी मुलांकडे बघायला लागले. एक. दोन. कुणाचे हात लगेच हलले. तीन, चार. एका मुलानं बोटांनी हवेत भांडं काढलं आणि त्यात काहीतरी सोडलं. पाच. सहा. खिडकीत एक कबुतर येऊन बसलं. आता बघतील, मी मनात म्हटलं, बघा ना रे. सात. आठ. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं दिलेलं उत्तर पुसल्यासारखा हात फिरवला आणि नवीन उत्तर दिलं. नऊ. एकवीस तोंडं पडद्याकडे, एकवीस जोड्या हात वर, सगळी पडद्यावरच्या माणसाशी बोलताहेत आणि तो ऐकतो आहे. दहा. कबुतर कंटाळून उडालं. अकरा.

मास्तरांनी पडद्यावर हात उचलले: दगडाएवढं.

ज्यांचं बरोबर आलं त्यांनी बाकांवर मुठी आपटल्या. खोली दणाणली. आठव्या सेकंदाला उत्तर बदललेली ती मुलगी सगळ्यात जोरात आपटत होती. तीन सेकंद कमी असते तर तिचं चुकलं असतं.

मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"अकरा सेकंदांत पडद्यावरून नजर हलली ती एकीचीच," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुझी."

"मी मोजत होते."

"मी विचारलं होतं का?"

आज पैजेचा सतरावा दिवस आहे. साहेबांचं दुसरं पत्र आलं आहे, मशीन परत मागणारं, आणि आत्या त्याला उत्तर देतेय, यावेळी कागदावर. मधल्या खोलीतून मधूनमधून टक ऐकू येतं. मी तोंड उघडलेलं नाही. घरात नाही, बाहेर नाही, वॉचमनकाकांनी हात जोडले तरी नाही. पण पैज तोंडाची होती. लिहून करायची नाही, असं काही ठरलं नव्हतं.